मराठी व्याकरणाची फाइल एनएलटीकेत वाचताना येणाऱ्या सिंटॅक्सच्या चुका: कुठे शोधायच्या, कशा दुरुस्त करायच्या

नियम नीट लिहिलेला दिसतो, बाण जागेवर आहे, तरी पायथन म्हणतं, ‘एक्स्पेक्टेड ॲन ॲरो’. मराठीत व्याकरण लिहायला बसलेल्याला ही चूक पहिल्या तासातच गाठते आणि तिचं कारण बाणात नसतंच. वाचणारा प्रोग्राम जिथे अडला ती जागा तो सांगतो. चूक बहुतेक वेळा त्याच्या अलीकडे असते. हे एकदा लक्षात आलं की निम्मं काम सोपं होतं. उरलेलं निम्मं काम अवघड आहे, कारण काही चुकांवर प्रोग्राम काहीच बोलत नाही.

नागपुरात किंवा विदर्भात बसून इकडच्या बोलीतली वाक्यं, ‘गणू पोहे खाऊन राहिला’ अशी, पार्स करू, म्हणजे नियमांनी त्यांची रचना उलगडू, पाहणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी आणि भाषा-तंत्रज्ञानात काम करणाऱ्यांसाठी ही माहिती आहे. साधन एनएलटीके, म्हणजे पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात २००१ साली स्टीव्हन बर्ड आणि एडवर्ड लोपर यांनी सुरू केलेली पायथनची लायब्ररी. पायथन ३ आणि एनएलटीके ३ गृहीत धरलं आहे. फंक्शनांची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. कोडमध्ये ती अर्थातच रोमनमध्ये टाइप करायची.

वाचक फाइल कशी वाचतो

व्याकरण वाचण्याचं काम रीड_ग्रामर हे फंक्शन करतं; इथे वाचक म्हणजे तेच. सीएफजी.फ्रॉमस्ट्रिंग वापरा (सीएफजी म्हणजे कॉन्टेक्स्ट-फ्री ग्रामर, बाणाच्या नियमांचं व्याकरण) किंवा एनएलटीके.डेटा.लोड, आत हेच चालतं. ते मजकूर ओळीओळीने घेतं आणि प्रत्येक ओळीच्या दोन्ही टोकांची रिकामी जागा काढून टाकतं. ओळ रिकामी असेल किंवा हॅशच्या खुणेने सुरू होत असेल तर सोडून देतं. ओळीच्या शेवटी बॅकस्लॅश असेल तर ती पुढच्या ओळीला जोडतं. टक्क्याच्या खुणेने सुरू होणारी ओळ म्हणजे सूचना, आणि सूचना एकच चालते: रोमन लिपीत लहान अक्षरांतलं स्टार्ट आणि त्यापुढे सुरुवातीच्या गटाचं नाव. बाकी सगळ्या ओळी नियम.

नियम वाचताना आधी डावीकडचं नाव, मग बाण, मग ओळ संपेपर्यंत उजवी बाजू. उजव्या बाजूला अवतरणचिन्ह दिसलं तर तो शब्द, उभी रेघ दिसली तर नवा पर्याय, आणि या दोन्हींपैकी काही नसेल तर ते गटाचं नाव (नॉनटर्मिनल) असं धरलं जातं. शेवटचा भाग ध्यानात ठेवा. वाचकाला न कळलेली कुठलीही खूण ‘एक्स्पेक्टेड अ नॉनटर्मिनल, फाउंड:’ या संदेशाखाली येते ती याचमुळे. ‘फाउंड’ नंतर जे छापलं जातं त्याचं पहिलं अक्षर म्हणजे वाचक अडला ती नेमकी जागा.

पहिली चूक मिळताच वाचन थांबतं आणि ओळीच्या क्रमांकासह व्हॅल्यूएरर येतो. शंभर ओळींच्या फाइलीत वीस चुका असतील तर त्या एकेक करून वीस वेळा कळतात. त्यावरचा उपाय पुढे दिला आहे.

सरावासाठी छोटं व्याकरण

खालच्या सात ओळी साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये टाइप करा. फाइलीचं एक्स्टेन्शन सीएफजी ठेवा. एक्स्टेन्शन टीएक्सटी राहिलं तर डेटा.लोड व्याकरणाऐवजी नुसता मजकूर परत देतं आणि चूक पार्सर बनवताना भलत्याच रूपात उगवते.

व -> नप कप
नप -> न
कप -> क | नप क | नप ध सह
न -> 'मावशी' | 'गणू' | 'संत्री' | 'पोहे'
क -> 'आणते' | 'खातो'
ध -> 'खाऊन' | 'आणून'
सह -> 'राहिला' | 'राहिली'

व म्हणजे वाक्य, नप नामपद, कप क्रियापदाचा गट, न नाम, क क्रियापद, ध धातुसाधित, सह सहायक क्रियापद. ‘मावशी संत्री आणते’ आणि ‘गणू पोहे खाऊन राहिला’ ही दोन्ही वाक्यं यातून पार्स होतात. फाइल वाचून झाली की नियमांची संख्या छापा. प्रत्येक पर्याय वेगळा नियम धरला जातो, त्यामुळे सात ओळींचे १५ नियम यायला हवेत. १४ किंवा १६ आले तर पुढे जाऊ नका.

मात्रेवर तुटणारी नावं

गटांची नावं अशी आखूड आणि विचित्र का? पूर्ण ‘वाक्य’, ‘नाम’ का नाही? मराठी व्याकरणकाराला पडणाऱ्या सगळ्या अडचणींत ही पहिली आणि सर्वांत फसवी.

एनएलटीके गटाचं नाव ओळखायला रेग्युलर एक्स्प्रेशन (अक्षरांचा साचा) वापरतं आणि त्यात अक्षरांसाठी बॅकस्लॅश-डब्ल्यू हा वर्ग आहे. पायथनच्या मूळ आरई मॉड्यूलमध्ये या वर्गात अक्षरं, अंक आणि अंडरस्कोर येतात. युनिकोडच्या हिशेबात क, ख, ग ही अक्षरं आहेत. पण काना, वेलांट्या, उकार, मात्रा, अनुस्वार आणि हलंत ही जोडचिन्हं आहेत, अक्षरं नाहीत. त्यामुळे ‘नाम’ वाचताना वाचक न घेतो आणि कान्यावर थांबतो.

नाम -> 'मावशी'

या ओळीवर डावीकडचं नाव ‘न’ एवढंच धरलं जातं. पुढे बाण हवा, तिथे काना उभा. म्हणून ‘एक्स्पेक्टेड ॲन ॲरो’. तेच नाव उजव्या बाजूला आलं तर संदेश बदलतो: ‘एक्स्पेक्टेड अ नॉनटर्मिनल, फाउंड: ाम’. संदेशात सुटा काना किंवा सुटी वेलांटी दिसली की दुसरं काही तपासू नका, कारण हेच आहे. अवतरणचिन्हांतल्या शब्दांना हा नियम लागू नाही. तिथे हवं ते लिहिता येतं.

उपाय तीन. नावं विनामात्रेची ठेवा: पद, वचन, नप, सह ही चालतात. नाहीतर नावं रोमनमध्ये लिहा आणि फक्त शब्द मराठीत ठेवा; प्रकल्पात अमराठी सहकारी असतील तर हेच सोयीचं. तिसरा उपाय थोड्या मेहनतीचा, पण मोठं व्याकरण लिहिणाऱ्याने तोच करावा असं आमचं मत आहे, कारण दोनशे गटांना दोन-दोन व्यंजनांची नावं दिली तर सहा महिन्यांनी ती कुणालाच वाचता येत नाहीत.

तिसऱ्या उपायात नाव ओळखणारं फंक्शन आपण स्वतः लिहायचं. ते दोन गोष्टी घेतं, ओळ आणि जागेचा क्रमांक. आणि दोन गोष्टी परत देतं, नॉनटर्मिनल आणि नवी जागा. अक्षरांच्या वर्गात बॅकस्लॅश-डब्ल्यूसोबत यू+०९०० ते यू+०९६३ आणि यू+०९६६ ते यू+०९७एफ हे पल्ले घाला. मधले ०९६४ आणि ०९६५ मुद्दाम गाळले आहेत. ते दंड आणि दुहेरी दंड आहेत. नावानंतरची रिकामी जागाही याच फंक्शनने ओलांडली पाहिजे, नाहीतर पुढचं नाव वाचताना जागेच्या खुणेवर वाचक अडतो. नाव सापडलं नाही तर व्हॅल्यूएरर उठवा, म्हणजे ओळीचा क्रमांक आपोआप जोडला जाईल. हे फंक्शन रीड_ग्रामरला दुसरा आर्ग्युमेंट म्हणून द्या. परत मिळालेली सुरुवात आणि नियम सीएफजीला द्या. एवढं केलं की ‘वाक्य -> नामपद क्रियापद’ असं सरळ लिहिता येतं.

बाण, रेघ आणि अवतरण

बाणाच्या आधी जागा सोडणं सक्तीचं आहे. एनएलटीकेच्या नावांत आडवी रेघ आणि कोनकंस दोन्ही चालतात, म्हणून ‘व->नप कप’ लिहिलं तर ‘व->नप’ हे सगळंच एक नाव समजलं जातं आणि पुढे बाण सापडत नाही. ‘व-> नप’ हेही चुकतं. ‘व ->नप’ मात्र चालतं. दोन्ही बाजूंना जागा सोडायची सवय लावा, प्रश्न मिटतो. दोन आडव्या रेघांचा प्रोलॉग भाषेतला बाण किंवा बीएनएफ या नियमलेखनाच्या पद्धतीतले दोन अपूर्णविराम आणि बरोबरीची खूण यांवरही हाच संदेश येतो.

इन्स्क्रिप्ट कीबोर्डवर टाइप करणाऱ्यांनी एक गोष्ट खास जपावी. व्याकरणाला लागणाऱ्या जवळजवळ सगळ्या खुणा या मांडणीत दुसऱ्या अक्षरांनी व्यापलेल्या आहेत. शिफ्ट धरून पूर्णविरामाची कळ दाबली की कोनकंसाऐवजी दंड येतो, त्यामुळे बाण ‘-।’ असा उमटतो. एकेरी अवतरणाच्या कळीवर ट आहे, बॅकस्लॅशच्या कळीवर ॉ आणि तिच्याच शिफ्टवर, जिथे उभी रेघ असायला हवी तिथे, ऑ. हॅशच्या जागी रकाराचा ‘्र’ आणि टक्क्याच्या जागी ज्ञ. मराठी शब्द झाला की इंग्रजी मांडणीवर येऊनच खुणा टाइप करायच्या. दंड आणि उभी रेघ बऱ्याच फॉन्टांत सारख्याच दिसतात, त्यामुळे डोळ्यांनी ही चूक सापडणं कठीण. संदेशात ‘फाउंड: ।’ आलं तर तो दंड आहे.

वर्डमधून किंवा मोबाइलमधून मजकूर चिकटवला तर वळणदार अवतरणं येतात: यू+२०१८, २०१९, २०१सी, २०१डी. वाचकाला फक्त सरळ एकेरी आणि सरळ दुहेरी अवतरण कळतं. वर्ड दोन आडव्या रेघांच्या बाणाचं विंगडिंग्ज फॉन्टातल्या बाणात रूपांतर करतं आणि साध्या मजकुरात चिकटवल्यावर त्याच्या जागी स्वराघाताची खूण असलेलं रोमन ए उमटतं. व्याकरण वर्डमध्ये लिहूच नये हेच बरं.

न मिटलेलं अवतरण वेगळ्याच जागी दुखतं. ही ओळ पाहा:

न -> 'घर | 'दार'

घर नंतरचं अवतरण राहिलं. वाचक मात्र पुढचं पहिलं अवतरण शेवट मानतो, म्हणून ‘घर | ’ हा एक शब्द झाला. मग द हे गटाचं नाव झालं आणि कान्यावर वाचन अडलं. संदेश येतो ‘एक्स्पेक्टेड अ नॉनटर्मिनल, फाउंड: ार'’. दार मध्ये काहीच चूक नाही. त्याच्या जागी ‘वड’ असता तर नाव बिनबोभाट वाचलं गेलं असतं आणि शेवटच्या एकट्या अवतरणावर ‘अनटर्मिनेटेड स्ट्रिंग’ आलं असतं. दोन्ही प्रसंगी अडलेल्या जागेपासून मागे, डावीकडे अवतरणं मोजत जायचं.

ओळी आणि टिपा

पर्याय जास्त झाले की पुढच्या ओळीवर उभ्या रेघेने सुरुवात करून लिहायचा मोह होतो. इतर अनेक साधनांत ते चालतं, इथे नाही. एनएलटीकेत एक नियम म्हणजे एक ओळ; मोडायची असेल तर आधीच्या ओळीच्या शेवटी बॅकस्लॅश हवा. जोडलेल्या ओळींत चूक असेल तर क्रमांक शेवटच्या ओळीचा येतो, म्हणून तिथून वर पाहत जा. व्याकरण पायथनच्या कोडमध्येच तिहेरी अवतरणांत लिहिलं असेल तर सुरुवातीच्या अवतरणांनंतरची रिकामी ओळ पहिली धरली जाते.

टीप फक्त स्वतंत्र ओळीवर. नियमाच्या पुढे हॅश देऊन लिहिलेली टीप नियमाचाच भाग समजली जाते. बॅकस्लॅशने जोडलेल्या दोन ओळींच्या मध्ये टाकलेली टीपही तशीच अडते.

आणि फाइलीचं अगदी शेवटचं अक्षर बॅकस्लॅश असेल, त्यापुढे एंटरही नसेल तर? ती ओळ पुढच्या ओळीची वाट पाहते, पुढची ओळ येत नाही आणि तो अख्खा नियम काही न बोलता गळून पडतो. नियमांची संख्या मोजायला सांगितलं त्याचं हे एक कारण.

फाइलीचं एन्कोडिंग

विंडोजवर ओपन फंक्शनला एन्कोडिंग सांगितलं नाही तर पायथन अनेकदा सीपी१२५२ हे पश्चिम युरोपीय भाषांचं एन्कोडिंग वापरतं. देवनागरी हलंत यूटीएफ-८ मध्ये तीन बाइटांचा आणि त्याचा शेवटचा बाइट ८डी. सीपी१२५२ मध्ये त्या जागी काहीच नाही. म्हणून ‘चारमॅप कोडेक कान्ट डीकोड बाइट ०एक्स८डी’ असा संदेश येतो. फाइलीत एकही जोडाक्षर आलं की हे व्हायचंच. जोडाक्षर नसेल आणि ए, ऐ, चंद्रबिंदू यांसारखी त्याच पेचात सापडणारी अक्षरंही नसतील, तर फाइल तक्रारीशिवाय उघडते आणि आत कचरा भरतो. डेटा.लोडची तऱ्हा वेगळी: ते आधी यूटीएफ-८ करून पाहतं आणि जमलं नाही तर लॅटिन-१ वर येतं, म्हणजे चुकीच्या एन्कोडिंगची फाइलही ‘वाचली’ जाते.

दुसरा घोळ बीओएमचा. जुनं नोटपॅड यूटीएफ-८ फाइलीच्या आरंभी एक अदृश्य खूण टाकत असे. विंडोज १० च्या १९०३ आवृत्तीपासून ती आपोआप टाकणं बंद झालं, पण जुन्या फाइली अजून फिरतात. ही खूण रिकाम्या जागेत मोडत नाही, त्यामुळे काढली जात नाही. परिणाम असा की पहिली ओळ टिपेची असली तरी ती हॅशने सुरू होत नाही आणि चक्क टिपेवर सिंटॅक्सची चूक येते. पहिल्या ओळीवर न समजणारी चूक आली तर हे आधी पाहा. दोन्हींवर औषध एकच: ओपनला एन्कोडिंग यूटीएफ-८-सिग द्या, मजकूर वाचून घ्या आणि तो सीएफजी.फ्रॉमस्ट्रिंगला द्या. बीओएम असो वा नसो, हे चालतं.

नागपुरातल्या इतवारी-महालच्या डीटीपीवाल्यांकडून आलेली जुनी शब्दयादी बहुधा श्रीलिपी किंवा कृतिदेवमधली असते. ते युनिकोड नाही. तिथे मराठी फक्त फॉन्टामुळे दिसतं, आत रोमन अक्षरं आणि खुणा असतात. अशी यादी आधी कन्व्हर्टरमधून काढा, मग डोळ्यांखालून घाला आणि नंतरच व्याकरणात घ्या.

फाइल दुरुस्त केली तरी जुनीच चूक दिसते? डेटा.लोड एकदा वाचलेलं व्याकरण लक्षात ठेवतं. कॅश बंद करून बोलवा, किंवा पायथन पुन्हा सुरू करा.

न बोलणाऱ्या चुका

फाइल विनातक्रार वाचली गेली म्हणजे व्याकरण बरोबर आहे असं नाही. खालच्या गोष्टी वाचकाला पूर्ण मान्य असतात.

अवतरण विसरलेला शब्द. ‘न -> मावशी’ लिहिलं तर कान्यामुळे निदान चूक तरी कळते. पण ‘न -> घर’ लिहिलं तर घर हे गटाचं नाव मानलं जातं, ज्याला एकही नियम नाही. वाचन सुरळीत होतं. घर हा शब्द मात्र कधीच सापडत नाही. रोमन नावं वापरली तरी मात्रा नसलेल्या प्रत्येक शब्दाला हा धोका आहे: वड, नळ, रस, बस, शहर.

ओळीच्या शेवटी उरलेली उभी रेघ. तिच्यामुळे रिकामा पर्याय तयार होतो, म्हणजे तो गट काहीही नसताना पूर्ण होऊ शकतो. वाक्यांच्या रचनेची नको तितकी झाडं मिळू लागली की ही रेघ शोधा. वर १६ नियम आले तर थांबायला सांगितलं ते यासाठी.

सुरुवातीचा गट. स्टार्टची सूचना नसेल तर फाइलीतल्या पहिल्या नियमाचा डावा गट हाच सुरुवात धरला जातो. कुणी नीटनेटकेपणासाठी शब्दयादी वर नेली की सुरुवात न पासून होते आणि एकही वाक्य पार्स होत नाही. सूचना नेहमी लिहावी.

अवतरणांत दोन शब्द. नागपुरी बोलीत चालू काळ ‘खाऊन राहिला’, ‘करून राहिली’ असा होतो. ते एकच क्रियारूप वाटतं म्हणून 'खाऊन राहिला' असं एका अवतरणात लिहिलं जातं. वाचक घेतो, पण वाक्य जागांवर तोडल्यावर ते दोन वेगळे शब्द झालेले असतात आणि जुळत नाहीत. वरच्या व्याकरणात ध आणि सह वेगळे ठेवले ते म्हणूनच. वेगळे ठेवले की राहिला, राहिली, राहिले यांचं लिंगवचनही नंतर हाताळता येतं.

सारखं दिसणारं, पण वेगळं लिहिलेलं. ‘वऱ्हाडी’ मधला ऱ्ह दोन तऱ्हांनी टाइप होतो: नुक्ता असलेला ऱ आणि हलंत वापरून, किंवा साधा र, हलंत आणि अदृश्य जोडखूण यू+२००डी वापरून. पडद्यावर फरक शून्य. ‘ॲप’ मधला ॲ एकसंध अक्षर असू शकतो किंवा अ वर चंद्र दिलेला. व्याकरणात एक रूप आणि वाक्यात दुसरं असेल तर ‘ग्रामर डझ नॉट कव्हर सम ऑफ द इनपुट वर्ड्स’ असा संदेश येतो, आणि ज्या शब्दाचं नाव येतं तो फाइलीत तर डोळ्यांना दिसतो. युनिकोडडेटाच्या नॉर्मलाइझला एनएफसी (युनिकोडचं एकसंध रूप) देऊन र आणि नुक्ता यांचा ऱ होतो, पण अदृश्य जोडखुणेचा र आणि चंद्राचा अ तसेच राहतात. म्हणून एनएफसीनंतर या दोन अदलाबदली स्वतः लिहा आणि त्या व्याकरणावर आणि वाक्यावर सारख्याच चालवा. एकाच बाजूला चालवल्या तर घोळ वाढतो.

शब्द खरंच काय आहे हे पाहायला पायथनचं एएससीआयआय फंक्शन वापरा. ते प्रत्येक अक्षराचा संकेतांक छापतं. आरईपीआर अदृश्य खुणा उघड्या करतं. एनएलटीकेच्या संदेशात ओळ जशीच्या तशी छापली जाते, त्यामुळे अदृश्य खूण तिथेही अदृश्यच राहते.

वाक्य तोडण्याबद्दल एवढंच: बॅकस्लॅश-डब्ल्यूवर आधारलेला टोकनायझर (वाक्याचे शब्द सुटे करणारं साधन) मराठी शब्द मात्रेवर फोडतो, कारण तेच. पूर्णविराम वगैरे काढून टाका आणि साधं स्प्लिट वापरा.

सगळ्या चुका एका फेरीत

वीस चुकांसाठी वीस फेऱ्या टाळायला छोटी तपासणी-स्क्रिप्ट लिहून ठेवा. तिचे टप्पे असे.

१. फाइल यूटीएफ-८-सिगने उघडा, मजकुरावर एनएफसी आणि आपल्या अदलाबदली चालवा, ओळी क्रमांकासह घ्या.

२. बॅकस्लॅशच्या ओळी स्वतः जोडा आणि सुरुवातीचा व शेवटचा असे दोन्ही क्रमांक जवळ ठेवा. फाइल संपताना जोडणी अपुरी राहिली तर तसं छापा.

३. प्रत्येक जोडलेल्या ओळीतून अवतरणांतले तुकडे बाजूला काढा. उरलेल्या भागात दंड, वळणदार अवतरणं, लांब आडव्या रेघा, छापील बाण, यू+२००सी, यू+२००डी किंवा हॅश सापडला तर संकेतांकासह दाखवा. सरळ अवतरण उरलं असेल तर ते न मिटलेलं आहे.

४. प्रत्येक नियम एकटाच रीड_ग्रामरला द्या, व्हॅल्यूएरर पकडा आणि यादीत टाका. एकट्या ओळीवर क्रमांक नेहमी १ येईल, म्हणून छापताना आपण जपलेला क्रमांक वापरा. फक्त व्हॅल्यूएरर पकडा. सगळेच अपवाद पकडले तर स्क्रिप्टमधली चूक व्याकरणाच्या नावावर खपते.

५. यादी रिकामी असेल तरच पूर्ण फाइल वाचा. उजव्या बाजूला आलेले पण डाव्या बाजूला कुठेच नसलेले गट छापा. अवतरण विसरलेले शब्द इथे उघडे पडतात. सुरुवातीपासून पोचता न येणारे गट, रिकाम्या उजव्या बाजूचे नियम आणि जागा असलेले शब्दही छापा.

६. सुरुवातीचा गट आणि नियमांची संख्या छापा. मग चेक_कव्हरेजला चाचणीच्या वाक्यांचे शब्द द्या आणि शेवटी चार्टपार्सरने ती पार्स करा. रिकर्सिव्हडिसेंटपार्सर इथे नको. ‘नप -> नप न’ सारख्या डावीकडे स्वतःलाच बोलावणाऱ्या नियमावर तो अडकतो, चार्टपार्सर अडकत नाही.

स्क्रिप्टने चुका आपोआप दुरुस्त कराव्यात का? बीओएम काढणं आणि अक्षररूपं एकसारखी करणं सुरक्षित आहे. दंडाची उभी रेघ करणं नाही: अवतरणात असलेला दंड वाक्यशेवटाचा खरा शब्द असू शकतो. वळणदार अवतरणांचंही तसंच. जिथे अर्थ बदलू शकतो तिथे फक्त दाखवावं, हात माणसाने लावावा.

फीचर आणि शक्यता असलेली व्याकरणं

वरचं छोटं व्याकरण ‘मावशी पोहे खातो’ हेही मान्य करतं. लिंगवचन जुळवायला फीचर ग्रामर, म्हणजे गटांना लिंग-वचनासारखे गुण जोडणारं व्याकरण, लागतं आणि त्यात चौकोनी कंसांच्या चुका वाढतात: राहिलेला स्वल्पविराम, न मिटलेला कंस. इथे संदेश जास्त मदत करतो; ओळ छापून तिच्याखाली टोपीची खूण करून जागा दाखवतो. पण ती जागा संकेतांक मोजून ठरते आणि मराठीत मात्रा वेगळी जागा घेत नाहीत, म्हणून ओळीत मराठी शब्द असतील तर टोपी खऱ्या जागेच्या उजवीकडे सरकलेली दिसते. डावीकडे पाहा.

गटांच्या नावांना मात्रेचा नियम इथेही लागू आहे. अवतरणाविना लिहिलेली फीचरची मूल्यं आणि प्रश्नचिन्हापुढची चलांची नावं फक्त रोमन अक्षरांत चालतात. प्रश्नचिन्ह विसरलं तर चलाचं स्थिर मूल्य होतं. चूक येत नाही, नुसतं काही जुळत नाही. आणि मराठीची एक गोष्ट व्याकरणातच बसवायला हवी: ‘मावशी आंबा खाते’ यात क्रियापद कर्त्याप्रमाणे, ‘मावशीने आंबा खाल्ला’ यात कर्माप्रमाणे. लिंगवचनाचं चल दुसऱ्या नियमात कर्म आणि क्रियापदावर द्यायचं, कर्त्यावर नाही. ते चुकीच्या जागी पडलं तर सिंटॅक्सची तपासणी ते पकडू शकत नाही, म्हणून चाचणीच्या वाक्यांत ‘मावशीने आंबा खाल्ली’ असं नापास व्हायलाच हवं असं वाक्यही ठेवा.

शक्यतांच्या व्याकरणात (पीसीएफजी) प्रत्येक पर्यायाला त्याच्या शक्यतेचा आकडा जोडतात; त्याच्या चौकोनी कंसात फक्त अंक आणि दशांशबिंदू चालतात. आत जागा किंवा स्वल्पविराम नको. देवनागरी अंक चालतात, [०.५] नीट वाचलं जातं. एका गटाच्या सगळ्या पर्यायांची बेरीज १ यायला हवी आणि ०.०१ पेक्षा कमी फरक चालतो. तीनदा ०.३३ लिहिलं तर बेरीज नेमकी त्या काठावर येते, म्हणून एक ०.३४ करा. ओळ एकटी तपासताना पीसीएफजी.फ्रॉमस्ट्रिंग वापरू नका, कारण गट अनेक ओळींत विभागला असेल तर बेरजेची खोटी चूक येईल. रीड_ग्रामरला प्रोबॅबिलिस्टिक ट्रू देऊन ओळी तपासा आणि बेरीज पूर्ण फाइलीवर शेवटी पाहा.